निजण्याआधीची फट

सकाळी ती आपल्या टेबलाशी आली तेव्हा पडद्यावरचा आकडा उभा होता. खांद्यावरची पिशवी तिनं उतरवलीसुद्धा नाही. एरवी हा आकडा डोळ्यांना धरवत नसे. शेवटचे अंक तर नुसते धुरासारखे दिसत. आदल्या संध्याकाळी ती तो धावता सोडून गेली होती, आणि आता बोलता बोलता एखादा माणूस मध्येच गप्प होऊन आपल्याकडे बघत राहावा, तसा तो बघत होता. तिनं एक कळ दाबून पाहिली. काही नाही. पंख्याची घरघर चालू होती, हिरवा दिवा चालू होता, म्हणजे यंत्र मेलेलं नव्हतं. यंत्राच्या आत कुणीतरी निजलं होतं आणि उठलं नव्हतं.

तिचं काम चारचौघांना सांगायला अवघड. ती कर्नल तपासते असं लग्नानंतर एकदा तिनं घरी सांगितलं, तर सासूबाईंनी शेजारणींना कळवून टाकलं की सूनबाईंचा साहेब लष्करातला आहे. तिनं तो समज कधी दुरुस्त केला नाही. खरं सांगायला गेलं तर आणखी बरंच सांगावं लागलं असतं. यंत्राच्या पोटात एक कारभारी प्रोग्राम असतो, त्यालाच कर्नल म्हणतात, बाकीचे सगळे त्याच्या तंत्रानं चालतात, ज्याला काम नाही त्याला तो निजवतो, काम आलं की उठवतो. आणि ती पाहते ते एवढंच, की निजवलेला नीट निजतो का आणि उठवलेला नीट उठतो का. तिच्या चाचणीत दोघं होते. एक निजायचा, दुसरा त्याला उठवायचा. पहिला उठला की आकडा एकानं वाढवायचा, ‘झालं’ म्हणायचा आणि पुन्हा निजायचा. अंगणातल्या पोरांच्या खेळाइतकं सोपं. फक्त हा कर्नल पोरखेळासाठी नव्हता. रुग्णाच्या उशाशी टांगायच्या, शिरेत थेंब थेंब औषध सोडणाऱ्या पंपात तो बसवत होते. दोन थेंबांच्या मधे पंप निजतो. तो पुढच्या थेंबाला उठला नाही तर औषध थांबणार, आणि भोंगा वाजवणारा प्रोग्रामही त्याच कर्नलनं उठवायचा असल्यामुळे भोंगासुद्धा गप्प राहणार. दिवा मात्र हिरवा.

म्हणून ती धावत साहेबांच्या केबिनकडे गेली. साहेब फोनवर होते. त्यांनी बोट वर करून तिला थांबायला सांगितलं आणि ती दाराशी उभी राहिली, हातात अजून पिशवी. फोन संपला, साहेब आले, आणि दोघं तिच्या टेबलाशी पोचली तेव्हा आकडा धावत होता.

“चाललंय की,” साहेब म्हणाले.

“मघाशी थांबलं होतं.”

“मघाशी म्हणजे?”

“आत्ताच. आकडा बघा ना, केवढासा आहे. रात्रभर चाललेल्याचा असा असेल का? कुणीतरी पहिल्यापासून चालू केलंय.”

“कोण करेल?” साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. खोलीत फिनेलचा वास होता आणि कोपऱ्यात सफाईवाल्या मावशी फडकं पिळत होत्या. “फोटो काढलात का?”

तिनं फोटो काढला नव्हता. पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात फोन होता, हात लांब केला असता तर मिळाला असता. साहेब हसले, वाईट हसले नाहीत, लग्नघरात गोंधळलेल्या पाहुण्याकडे बघून हसावं तसं हसले. “हे बघा, पहिली खेप हॉस्पिटलांत जाऊन पोचली. दुसरी तुमच्या सहीसाठी अडलीये. पुन्हा थांबलं तर दाखवा. नाही थांबलं तर सही करा. एकदाच दिसतं ते भूत, आणि भुतासाठी आपण खेप अडवत नाही.”

थोड्या वेळानं मास्तर आले, हातात हेल्मेट, केस दबलेले. ऑफिसात सगळे त्यांना मागून मास्तर आणि तोंडावर सर म्हणत, पण ती त्यांची खरोखरचीच विद्यार्थिनी होती. कॉलेजात त्यांनी फळ्यावर एक खाट काढून निजणं-उठणं शिकवलं होतं, आणि पोरं हसली तेव्हा म्हणाले होते, हसा, पण उद्या तुमच्यातल्याच कुणाला तरी हे झोपू देणार नाही. शिकवणं सोडून ते इथं आले, दोन वर्षांनी तिला घेऊन आले. या कर्नलातलं निजणं आणि उठणं त्यांनीच लिहिलं होतं. तिनं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मान तिरकी करून ऐकून घेतलं, हेल्मेटच्या काचेवर अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, “अगं, चालू करून ठेव. येईल तर परत येईल. दगा देणारं एकदा देऊन थांबत नाही.” त्या बोलण्यानं तिला केवढं बरं वाटलं! साहेबांसारखे ते हसले नव्हते.

पण आकडा परत थांबला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. तिनं उठवणाऱ्याला घाई करायला लावली, रेंगाळायला लावलं, एकाच्या जागी पाच उठवणारे लावले, सगळे एकदम ओरडले तरी निजणारा आपला शहाण्या मुलासारखा प्रत्येक हाकेला उठत होता. आणि जसजसा तो उठत गेला तसतशी तिच्या मनातली शंका त्याच्यावरून निघून दुसरीकडे बसायला जागा शोधू लागली. पहिल्यांदा ती मावशींवर बसली. पुसताना वायर हलली असेल, यंत्र बंद पडून चालू झालं असेल. तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, तर मावशींनी फडकं बादलीत टाकलं आणि कमरेवर हात ठेवले. “बाई, इतकी वर्षं झाली, तुमच्या वायरींना पाय लागू दिला नाही मी. आणि झालंच असतं, तर सांगितलं असतं. मला कुणाची भीती?” त्यांना खरंच कुणाची भीती नसावी. तिला मात्र वाटलं, बाई जास्तच जोरात बोलल्या. मग तीच शंका पलीकडच्या टेबलावरच्या शीळ घालणाऱ्यावर बसली, मग विजेवर, मग स्वतःच्या डोळ्यांवर. जाताना ती खुर्ची मुद्दाम तिरकी ठेवून जाऊ लागली, कळफलकाच्या कडेवर कागदाचा एक कपटा. सकाळी खुर्ची तिरकीच असे, कपटा जागच्या जागी, आणि त्यानं तिला हायसं वाटायच्या ऐवजी वाटे, ज्यानं कुणी केलं तो कपटासुद्धा बघून परत ठेवणारा आहे. आपण असं काय वागतो आहोत, हे तिला दिसत होतं. दिसूनही हात थांबत नव्हता.

असं कुणी विश्वास न ठेवणं तिला नवं नव्हतं. वडील छापखान्यात रात्रपाळीला असत आणि दुपारी निजत. घरात सगळी मांजराच्या पावलांनी चालत, भांड्याला भांडं लागू देत नसत, आणि ऊन समोरच्या भिंतीवरून उतरलं की वडलांना हाक मारायचं काम तिचं. एका दुपारी तिनं दाराशी उभं राहून हाक मारली. वडील कुशीवर होते, डोळे अर्धे उघडे, ते म्हणाले, “हं, उठतो.” तिनं ते ‘हं’ स्वच्छ ऐकलं आणि ती खेळायला गेली. वडील उठलेच नाहीत. त्या दिवशी छापखान्यात वरचा कुणी पाहणीला आला होता, रिकामी जागा दिसली आणि वडलांचं कायम व्हायचं राहिलं ते राहिलंच. “मला कुणी हाक मारली नाही,” वडील म्हणाले. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. “मी मारली. तुम्ही हं म्हणालात.” आईनं तिच्याकडे बघून पोळपाट उलटा केला. त्यानंतर घरात कुणी काही विसरलं की तिच्याकडे बघायची पद्धत पडली. ती दोघंही खरं बोलत असतील, असं त्या घरात कुणाला सुचलं नाही, तिलाही नाही. फार पुढे, कॉलेजात, फळ्यावरच्या खाटेसमोर बसून ती चमकली होती. निजणारा आधी पाहतो, काही काम आहे का. नाही. मग तो आडवा होतो. या पाहण्याच्या आणि आडवं होण्याच्या मधे एक केसाएवढी फट असते. नेमकी त्या फटीत हाक आली, तर हाक मारणाऱ्याला वाटतं हा जागाच आहे, आणि तो निघून जातो. निजणारा निजतो. हाक मारलेली असते आणि पोचलेली नसते. मास्तर खडू झटकत म्हणाले होते, “म्हणून पाहणं आणि निजणं एकाच कडीत घालायचं. मधे वारा शिरता कामा नये.” तिनं वहीत ते लिहून घेतलं नव्हतं. गरज नव्हती.

घरी तिचं कशात लक्ष लागत नव्हतं. नवरा शेजारच्या खोलीत फोनवर बोलत असला आणि ती गेली की तो “बरं, बघतो” म्हणून फोन ठेवी. पूर्वीही असंच ठेवत असेल. पूर्वी तिनं ऐकलं नव्हतं. एका संध्याकाळी तो ताटं घेताना म्हणाला, “तू चार दिवस सुट्टी का घेत नाहीस? कामाचा ताण डोक्यात जातो गं. सरही म्हणत होते—” आणि थांबला.

“कुठले सर?”

“तुझे. मास्तर.”

“ते तुला कुठे भेटले?”

“भेटले नाहीत. फोन आला होता. काळजीनं केला त्यांनी. म्हणाले, ती नसलेलं बघायला लागलीये, जरा सांभाळ. एवढंच.”

“एवढंच,” ती म्हणाली. तिच्या हातातली वाटी तिनं ओट्यावर ठेवली ती अगदी हळू, आवाज न करता. “आणि तुला खरं वाटलं.”

“खरं-खोटं काय त्यात? तू खुर्च्या तिरक्या ठेवून येतेस, तूच सांगितलंस.”

तिनं सांगितलं होतं खरं, हसत हसत. अंथरुणात पडल्यावरही मास्तरांचं वाक्य तिच्या कानात होतं, पण त्यातला ‘सांभाळ’ नव्हे, ‘नसलेलं’. तिच्या टेबलाशी उभं राहून ते म्हणाले होते, येईल तर परत येईल. नवऱ्याला म्हणाले होते, नसलेलं. माणूस एकाच गोष्टीबद्दल दोन ठिकाणी दोन बोलतो तेव्हा एका ठिकाणी तो काहीतरी झाकत असतो.

दुसऱ्या दिवशी तिनं आकड्याकडे पाहिलंच नाही. तिनं मास्तरांचं लिहिलेलं उघडलं. तपासणाऱ्यानं आधी लिहिणाऱ्याचं वाचू नये, वाचलं की आपणही त्याच्याच चुका करतो, हा धडा तिला मास्तरांनीच दिलेला. म्हणून तिनं आजवर वाचलं नव्हतं. आता ओळ न् ओळ वाचली. फट नव्हती. पाहणं आणि निजणं एकाच कडीत, फळ्यावर होतं तसंच, वारा शिरायला जागा नाही. ती खुर्चीत मागे टेकली आणि तिला पहिल्यांदा खरोखरची भीती वाटली. म्हणजे तो उभा आकडा नव्हताच? खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टी टी टी आवाज चालू होता. पिशवीचा बंद खांद्याला रुतत होता, हे तिला आठवत होतं. त्या आकड्याचे शेवटचे अंक आठवत होते. पिशवीचा बंद खोटा कसा असेल? मी खोटी नाही. हे समोरचं लिहिलेलंही चूक नाही. मग दोघंही खरी असतील तर? मग मी तेव्हा बघत होते ते आणि आता बघते आहे ते एकच नाही. फट होती. कुणीतरी बुजवली. आणि इतके दिवस मी बुजवलेल्या भिंतीवर डोकं आपटून भोक शोधते आहे.

स्वागतकक्षात काचेच्या कपाटात पहिल्या खेपेतला एक पंप पाहुण्यांना दाखवायला ठेवलेला होता, खाली मखमल, बाजूला कागदाची फुलं. तिनं किल्ली मागितली. तिथली मुलगी म्हणाली, “मॅडम, आत खरं मशीन आहे ना? मला वाटायचं नुसता डबा आहे.” पंप छातीशी धरून ती जिन्यानं वर आली, लिफ्टमध्ये कुणी भेटलं असतं तर काय सांगायचं ते सुचलं नाही म्हणून. त्यात तिनं आपली दोघं उतरवली, निजणारा आणि उठवणारा. आकडा धावायला लागला. ती बसून राहिली. पाणी प्यायला उठली नाही, शीळवाल्यानं काही विचारलं त्याला उत्तर दिलं नाही. जेवणाची सुट्टी झाली, खोली रिकामी झाली, डब्यांचा वास आला आणि गेला. लोक परत येत होते, खुर्च्या सरकत होत्या, आणि त्या सरकण्याच्या आवाजात आकडा थांबला. काही मोडल्यासारखा नाही. नुसता थांबला. हिरवा दिवा चालू.

या वेळी तिनं फोटो काढला, पण तो काढतानाही तिला कळत होतं की फोटोचं काम नाही. तिनं एक हात पंपाच्या बटणावर पंजा पालथा घालून ठेवला, पक्ष्यावर टोपली ठेवावी तसा, आणि जागेवरूनच हाक मारली. “सर, जरा येता?”

मास्तर आले. चष्मा कपाळावर चढवून वाकले, पडद्यावर पाहिलं, मग तिच्या हाताखाली काय आहे ते पाहिलं. “हा कपाटातला ना?” ते म्हणाले. “अगं, यात जुनंच आहे.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांना कळायला क्षण लागला. मग त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं एकदम खाली आलं, दोरी सुटलेल्या पडद्यासारखं.

“नवं कधी झालं, सर?” तिनं विचारलं.

मास्तरांनी शेजारची खुर्ची ओढली आणि बसले. ते आपल्या गुडघ्यांकडे बघत होते. “त्या सकाळी मी मागच्या दारानं आलो,” ते हळू म्हणाले. “तू नव्हतीस. स्क्रीन बघितली आणि कळलं. आपल्या हातची खोट माणसाला लांबून ओळखू येते. मी चालू केलं आणि खाली गेलो. गाडीपाशी बसून पंधरा ओळी बदलल्या आणि तुझ्या यंत्रावर चढवल्या. मग पुन्हा आलो.”

“हेल्मेट घेऊन.”

“हेल्मेट घेऊन.” त्यांनी हसायचा प्रयत्न केला. “आयुष्यभर फळ्यावर हेच शिकवलं गं. फट ठेवू नका, फट ठेवू नका. आणि माझ्याच... वाटलं, कुणाला कळायच्या आत बुजवून टाकू. पुढच्या दुरुस्तीच्या फेरीत पहिल्या खेपेतही नवं जाईलच.”

“आणि ती फेरी येईपर्यंत?”

त्यांनी कपाळावरचा चष्मा काढून खिशात ठेवला.

“आणि माझ्या नवऱ्याला फोन?”

आता त्यांनी वर पाहिलं. डोळे लाल झाले होते, पण तिला त्यांची दया आली नाही. येईल म्हणून ती वाट बघत राहिली आणि आली नाही. “तू थांबत नव्हतीस,” मास्तर म्हणाले. “दुसरं कुणी असतं तर दोन दिवसांत सही करून मोकळं झालं असतं. तुला मीच तयार केलंय, हे विसरलो.” मग उठले. “साहेबांना तू सांगतेस की मी सांगू?”

“तुम्ही.”

केबिनच्या काचेतून तिला दोघं दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. मास्तर उभे होते, हात मागे बांधलेले. साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी काचेतून तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा तिला वाचता येईना. त्या सकाळी हसले होते तसेच? की दुसरं काही? मास्तर काय सांगत असतील? ‘चूक माझी’ की ‘पोरगी फारच मनावर घेते, साहेब’? एवढी कबुली तिच्यासमोर दिली ती फक्त तिच्यासमोर होती. साक्षीला कोण, शीळवाला? तिला वाटलं, यांनी मला पुन्हा गाठलं. पंप दोन्ही हातांनी उचलून ती टकटक न करता केबिनमध्ये शिरली.

“...तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,” मास्तर म्हणत होते. “मी तिला खोटं पाडलं.” तिला बघून ते थांबले नाहीत. “दुसरी खेप अडवा. आणि पहिली जिथं जिथं गेलीये तिथं आत्ता फोन करा.” ती पंप हातात धरून उभी राहिली. तिनं ज्याची इतके दिवस वाट पाहिली ते समोर चाललं होतं आणि तिला त्याच्यावरही पुरता विश्वास ठेवता येत नव्हता. एवढं सोपं कसं झालं, यामागे आणखी काय आहे, असं मन आपलं चाचपत राहिलं. साहेब मात्र एव्हाना फोनला भिडले होते. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा करून त्यांनी पहिलं हॉस्पिटल लावलं. पलीकडून वॉर्डातली सिस्टर आली, धापा टाकत, मागे कुणाचं तरी बाळ रडत होतं.

“तुमच्याकडचे आमचे पंप वापरायचे थांबवा,” साहेब म्हणाले. “काळजीचं कारण नाही, फक्त खबरदारी—”

“थांबवा काय म्हणता? एक तर थांबलाच होता मागे.”

साहेबांनी समोरचा कागद ओढून पेन उचललं.

“दिवा चालू, भोंगा नाही, आणि थेंब बंद. मी बाटलीकडे बघितलं म्हणून कळलं. पेशंटचं नशीब. तुमचा तो दुरुस्तीला येतो ना, त्याला सांगितलं मी. तो म्हणाला, सिस्टर, पंप नाही थांबला, तुम्हाला डुलकी लागली असेल. सगळ्या वॉर्डासमोर म्हणाला. मेट्रननं मला त्यानंतर रात्रपाळी दिलेली नाही.”

मास्तर भिंतीकडे बघत होते. तिनं पंप साहेबांच्या टेबलावर, त्यांच्या कागदांवरच ठेवला आणि फोनजवळ वाकली.

“सिस्टर, तुम्हाला डुलकी लागली नव्हती. पंपच थांबला होता. माझ्यासमोर आत्ता थांबलाय.”

“तुम्ही कोण?”

“मी तपासते हे. हे निघायच्या आधी तपासायचं काम माझं.”

“मग मी ओरडत होते तेव्हा तुम्ही कुठे होतात?” सिस्टरचा आवाज आता वेगळाच झाला होता, सावध, दाराची साखळी न काढता बोलावं तसा. “आणि आज एकदम खरं कसं वाटायला लागलं? काही लिहून-बिहून घ्यायचंय का माझ्याकडून? माझ्यावर शेकवायचं असेल तर आत्ताच सांगा.”

तिला हा आवाज ओळखीचा होता. इतके दिवस तो ती आपल्याच डोक्यात ऐकत होती, पण बाहेरून ऐकायला तो इतका दमलेला असेल असं तिला वाटलं नव्हतं. आपण शपथ घेतली तरी या बाईला ती पटणार नाही, आणि का पटावी? तिनं साहेबांची खुर्ची ओढून घेतली आणि बसली.

“काही शेकवायचं नाही,” ती म्हणाली. “माझ्यावर विश्वास नका ठेवू. आधी ते पंप काढा सगळे, मी थांबते. मग परत या आणि मेट्रनबाईंनाही फोनवर बोलवा. त्यांच्यासमोर सांगते, तुम्ही जाग्या होतात म्हणून तो माणूस वाचला.”

पलीकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. चपला घाईनं दूर गेल्या. कुणीतरी कुणाला तरी खाट क्रमांक सांगत होतं, एक दार उघडलं, मिटलं. बाळ रडतच होतं. साहेब दुसऱ्या फोनवरून दुसरं हॉस्पिटल लावू लागले. मास्तरांनी हलकेच विचारलं, “मी काय करू?” तिनं त्यांच्याकडे न बघता त्यांना हातानं गप्प राहायची खूण केली आणि कान फोनला लावून, त्या चपला परत येण्याची वाट बघत बसून राहिली.